मालगाडी वाटेतच तुटते? आधी कपलरची उंची तपासा

इंजिन पुढे निघून जातं आणि मागचे आठ डबे रुळावर तसेच उभे राहतात. तुम्ही ते हाताने जोडता, गाडी निघते, अर्धी फेरी होते आणि पुन्हा तेच. एचओ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या १/८७.१ आकाराच्या, मॉडेल मालगाड्या चालवणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे दुखणं कधी ना कधी येतं. माझ्याही आलं होतं, आणि जवळजवळ वर्षभर मी ते चुकीच्या पद्धतीने दुरुस्त करत होते.

माझी पद्धत अशी होती. सुटणारा डबा उचलायचा, शेजारच्या डब्याला लावून धरायचा आणि दोन्ही कपलर, म्हणजे डबे जोडणारे हूक, डोळ्यांना सारखे दिसेपर्यंत ट्रकवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटीवर, वायसर (पातळ चकत्या) चढवायचे. ती जोडी मग सुटत नसे. पण दोन आठवड्यांनी तोच डबा दुसऱ्या गाडीत लावला की तिथे सुटायचा. मग त्या दुसऱ्या डब्याला पहिल्याशी जुळवायचं. असं करता करता माझ्या वीस-बावीस डब्यांचे तीन गट पडले. एका गटातले डबे आपसांत छान चालायचे, गट मिसळले की गाडी तुटायची.

चूक एवढीच होती की मी डब्याला डब्याशी जुळवत होते. पहिल्या डब्याचा कपलर पाव मिलिमीटर खाली असेल तर त्याच्याशी जुळवलेला दुसराही तेवढाच खाली जातो, वर डोळ्याची चूक वेगळी. चौथ्या-पाचव्या डब्यापर्यंत एक मिलिमीटरचा फरक सहज साठतो, आणि एवढ्या फरकावर जरा उंचसखल रूळ आला की एक कपलर दुसऱ्याच्या खालून निसटतो. प्रत्येक डबा एकाच मापाशी आणि एकाच जागी तपासायला लागल्यापासून माझ्या गाड्या तुटणं थांबलं.

माप कोणतं धरायचं

एचओमध्ये केडी या कंपनीच्या कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून २५/६४ इंचावर हवा, म्हणजे सुमारे ९.९ मिलिमीटर. अमेरिकेत स्टँडर्ड गेजवरच्या खऱ्या मालडब्यांसाठी हीच उंची जास्तीत जास्त ३४.५ इंच आणि कमीत कमी ३१.५ इंच ठरवून दिलेली आहे. रिकामा डबा वर असतो. माल भरला की स्प्रिंगा दबतात, चाकं झिजतात, आणि कपलर खाली येतो. आता २५/६४ इंचाला ८७.१ ने गुणून बघा, ३४ इंच येतात. म्हणजे आपला आकडा खऱ्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ बसतो.

खऱ्या रेल्वेला असलेली तीन इंचांची मुभा आपल्या मापात ०.९ मिलिमीटरपेक्षाही कमी भरते. ती वापरू नका. आपल्या डब्याची उंची माल भरल्याने बदलत नाही, त्यामुळे प्रत्येक कपलर नेमक्या उंचीवर बसवणं शक्य आहे. शिवाय आपल्या रुळांवरचे उंचवटे आणि वळणं खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त तीव्र असतात. ती मुभा रुळांसाठी राखून ठेवावी लागते.

मोजायला केडीचं २०५ नंबरचं गेज वापरा. रुळांवर ठेवलं की त्याचा कपलर बरोबर उंचीवर उभा असतो. तुमचा डबा हळूच त्याच्याकडे ढकलायचा आणि बाजूने, डोळा रुळाच्या पातळीत आणून बघायचं. दोन्ही डोक्यांच्या वरच्या कडा एका रेषेत आल्या पाहिजेत. गेजला खाली एक पट्टीही असते, ती ट्रिप पिनसाठी, म्हणजे कपलरखाली लोंबणाऱ्या त्या वाकड्या तारेसाठी. गेज धातूचं आहे, तेव्हा ते चालू रुळांवर ठेवलंत तर शॉर्ट होईल. आधी वीज बंद करा. मी तर त्यासाठी वेगळा रुळाचा तुकडाच ठेवला आहे. हातभर सरळ रूळ, खाली न वाकणारी सपाट फळी, आणि त्याला कुठलीही तार जोडलेली नाही. फळी खरंच सपाट आहे ना, हे मी काच ठेवून बघितलं होतं. सगळे डबे याच तुकड्यावर तपासायचे. मांडणीवरचा रूळ कितीही सरळ दिसला तरी तिथे मोजू नका.

उंची रुळाच्या माथ्यापासून मोजतो, त्यामुळे तुमचा रूळ कोड १०० आहे की कोड ८३, म्हणजे तो उंच की बुटका, याने काही फरक पडत नाही. आणि इंजिनही तपासा. ते बरोबरच असणार असं आपण गृहीत धरतो आणि पहिल्या डब्याला उगाच दोष देत बसतो.

दोष डब्यात की रुळात

वायसर हातात घेण्याआधी दोन-तीन फेऱ्या नुसत्या बघण्यात घालवा. गाडी सुटली ती जागा खडूने रुळाशेजारी खुणवा आणि कोणते दोन डबे वेगळे झाले ते लिहून ठेवा. एकच डबा वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या जोडीदारांपासून सुटत असेल तर दोष त्या डब्यात. वेगवेगळे डबे एकाच खुणेपाशी सुटत असतील तर दोष रुळात आहे, तिथे डब्यांना हात लावणं म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

रुळातला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे चढ जिथे सुरू होतो किंवा संपतो ती जागा. सपाटीवरून एकदम चढ लागला की पुढच्या डब्याचं मागचं टोक खाली जातं आणि मागच्या डब्याचं पुढचं टोक अजून जागेवरच असतं. काही क्षण दोन कपलरांत उंचीचा फरक पडतो. लांब डब्यांत तो जास्त पडतो, कारण ट्रकपासून कपलरपर्यंतचं अंतर मोठं असतं. त्या जागी एक सरळ पट्टी आडवी ठेवून बघा. ती मध्यावर टेकून दोन्हीकडे डुलत असेल, किंवा मधेच खाली फट दिसत असेल, तर चढ हळूहळू सुरू होत नाही. तिथे रुळाखाली पातळ पट्ट्या घालून बदल लांब अंतरावर पसरवावा लागतो. एखादा सांधा वर उचललेला असेल तरी हेच घडतं.

रुळात डबे सोडवणारे चुंबक (ते ट्रिप पिन खेचून कपलर उघडतात) बसवले असतील तर तेही लक्षात घ्या. कायमच्या चुंबकावर गाडी थांबली किंवा उतारावर डबे पुढे ढकलले गेले आणि जोडातला ताण सुटला, तर कपलर आपलं काम करतो आणि उघडतो. ती उंचीची चूक नाही. सुटणारी जागा नेमकी चुंबकावर पडत असेल तर चुंबक हलवा.

आधी लोंबणारा कपलर

माझ्या डब्यांपैकी ज्यांना मी वायसर घालून "उंच" केलं होतं, त्यांतल्या निम्म्यांची उंची मुळात बरोबरच होती. कपलर फक्त पेटीत, म्हणजे त्याचा दांडा ज्यात बसतो त्या खोक्यात, ढिला होऊन नाक खाली करून बसला होता. गेजशेजारी धरला की कमी उंचीचा दिसतो, म्हणून आपण पूर्ण डबा वर उचलतो. काही दिवसांनी तो कपलर बदलला की डबा भलताच उंच निघतो.

हे ओळखणं सोपं आहे. डबा रुळावर उभा असताना कपलरचं डोकं बोटाच्या टोकाने खालून हळूच वर उचला. किती हलतं? किंचित हललं तर ठीक. डोकं वर उचलल्यावर ते गेजशी बरोबर जुळत असेल आणि सोडल्यावर खाली पडत असेल, तर उंचीला हात लावू नका, ढिलेपणा काढा. पेटीच्या तोंडाशी जी बारीकशी फट असते ती डोक्यापर्यंत जाताना वाढते, कारण डोकं तोंडापासून पुढे असतं. त्यामुळे पेटीत फारसं काही चुकलेलं दिसत नाही आणि बाहेर मात्र कपलर मान टाकून बसलेला असतो.

पेटीचं झाकण उघडा. बहुतेक वेळा यांतलं काहीतरी सापडतं. झाकण मधे फुगलेलं किंवा नीट न बसलेलं. स्क्रू अर्धवट. पेटीच्या कडेला कापणीचा राहिलेला प्लास्टिकचा कण, ज्याच्यामुळे झाकण एका बाजूला उचलून राहतं. किंवा पेटीची आतली उंचीच कपलरच्या दांड्यापेक्षा बरीच जास्त, हे जुन्या आणि स्वस्त डब्यांत नेहमी दिसतं.

पहिल्या तीन गोष्टी झाकण घासून आणि स्क्रू नीट आवळून सुटतात. झाकण चिकटवू नका, उद्या कपलर काढावा लागणारच आहे. चौथ्यासाठी ०.०१० इंच जाडीच्या स्टायरीन प्लास्टिकची छोटी पट्टी झाकणाच्या आतल्या बाजूला, तोंडाजवळ चिकटवायची, म्हणजे दांडा खालून टेकून राहतो. पट्टी चिकटल्यावर कपलर डावीकडे-उजवीकडे पूर्ण फिरला पाहिजे आणि सोडल्यावर आपोआप मध्यावर आला पाहिजे. अडकत असेल तर पट्टी घासून पातळ करा. घट्ट बसलेला कपलर वळणावर डब्याला रुळावरून उतरवतो, तो लोंबणाऱ्यापेक्षा वाईट. माझं मत विचाराल तर पेटीच खराब असेल तेव्हा पट्ट्यांचा खेळ करण्यापेक्षा ती कापून टाका आणि चांगल्या कपलरबरोबर येणारी पेटी बसवा. एक संध्याकाळ जाते, पण त्या डब्याचा प्रश्न कायमचा मिटतो.

प्लास्टिकचे कपलर असतील तर आणखी एक शक्यता असते. काहींत मध्यावर आणणारी स्प्रिंग दांड्याबरोबर प्लास्टिकचीच ओतलेली असते. लांब गाडीच्या ओढीने किंवा डबा बरेच दिवस वळणावर जोडलेला राहिल्याने ती वाकते आणि तशीच राहते. ती सरळ करून उपयोग होत नाही. मी असे सगळे कपलर हळूहळू काढून धातूचे, केडीचे १४८ नंबरचे लावले. त्यांत मध्यावर आणणारी स्प्रिंग म्हणजे दांड्याच्या दोन बाजूंच्या बारीक तारा असतात, त्यामुळे त्यांच्याच ५ नंबरच्या कपलरसारखी वेगळी धातूची पट्टी पेटीत बसवावी लागत नाही.

उंचीच चुकली असेल तर

ढिलेपणा काढल्यावरही कपलर गेजशी जुळत नसेल, तर आता उंचीकडे वळा. दोन्ही टोकं मोजा. एकच टोक खाली असेल तर त्या टोकाचा ट्रक, त्याचा स्क्रू, चाकं आणि बोल्स्टर (ट्रक आणि डबा जिथे एकमेकांवर टेकतात तो आडवा भाग) बघा: चाकाची आस साच्यात नीट बसलेली नसणं, दोन ट्रकांत वेगवेगळ्या व्यासाची चाकं असणं, बोल्स्टरवर जुना गोंद. दोन्ही टोकं सारखीच खाली किंवा सारखीच वर असतील तर पूर्ण डब्याचा हिशोब करायचा.

त्या हिशोबात चाकं पहिली बघा. खऱ्या ७० टनी डब्याला ३३ इंची आणि १०० टनी डब्याला ३६ इंची चाकं असतात, आणि मॉडेलचे उत्पादकही ती वेगळी देतात. ३६ इंचीच्या जागी ३३ इंची लावली की त्रिज्या दीड इंचाने कमी होते. एचओमध्ये तो फरक ०.४४ मिलिमीटर येतो. प्लास्टिकची चाकं काढून धातूची लावल्यानंतर जे डबे अचानक सुटायला लागतात, त्यांच्यात हे पहिल्यांदा तपासा. कोड ११० ऐवजी कोड ८८ ची चाकं लावल्याने मात्र उंची बदलत नाही, तो आकडा चाकाच्या रुंदीचा आहे. ट्रक दुसऱ्या उत्पादकाचे लावले असतील तर त्यांच्या बोल्स्टरची उंची वेगळी असणार हे धरूनच चाला.

चाकं योग्य असूनही डबा खाली असेल तर ट्रक आणि डब्याच्या बोल्स्टरमध्ये वायसर. केडीचे फायबरचे वायसर दोन जाडीत मिळतात, करडा ०.०१५ इंच आणि लाल ०.०१० इंच. म्हणजे करड्याने ०.३८ आणि लालने ०.२५ मिलिमीटर उंची वाढते. वरचं चाकांचं उदाहरण एका करड्याने जवळजवळ भरून निघतं. दोन वायसरपर्यंत मला चालतं. त्यापुढे डबा डुलायला लागतो, स्क्रूला धरायला आटे उरत नाहीत, आणि डबा रुळावर उंच उंच, टाचा उचलल्यासारखा दिसतो. तिसरा वायसर घालायची वेळ आली तर थांबा, तिथे कपलर बदलायचा असतो.

इथे दोन नावं फार घोटाळा करतात. अंडरसेट आणि ओव्हरसेट दांड्याचे कपलर मिळतात, आणि आपण समजतो की अंडरसेट म्हणजे कपलर खाली जाणार. होतं उलट. ते नाव दांड्याचं आहे, डोक्याचं नाही. अंडरसेटमध्ये दांडा डोक्याच्या मध्यापेक्षा खाली असतो, म्हणून पेटी जिथे आहे तिथेच राहून डोकं वर येतं. ओव्हरसेटमध्ये दांडा वर, डोकं खाली. तेव्हा कपलर खाली असेल तर अंडरसेट, वर असेल तर ओव्हरसेट. मी पहिल्यांदा चक्क उलटे मागवले होते.

डबा रुळावर बरोबर बसलेला दिसतो पण पेटीच खाली किंवा वर आहे, असं असेल तर हे कपलर सगळ्यात स्वच्छ उपाय. पेटी स्क्रूने लावलेली असेल तर आणखी एक मार्ग मोकळा असतो. कपलर वर आहे? मग पेटी आणि डब्याचा तळ यांच्यामध्ये स्टायरीनचा तुकडा घालून पेटी खाली आणा. कपलर खाली आहे? मग पेटी जिथे टेकते तो भाग घासून तिला वर जागा करून द्या.

डबाच उंच असेल तर बोल्स्टर घासावा लागतो. सपाट कानस, हलका हात, चार-पाच घासे आणि लगेच गेजवर तपासणी. घासलेलं परत येत नाही, आणि तिरकं घासलं गेलं तर डबा एका अंगाला कलतो. डबा खाली आणल्यावर चाकांच्या कडा तळाला घासत नाहीत ना, हे ट्रक दोन्हीकडे फिरवून बघा.

ट्रक स्क्रूऐवजी प्लास्टिकच्या खुंटीने दाबून बसवलेले असतील तर ती उंची भरवशाची नसते, खुंटी रोज थोडी सरकते. भोक स्टायरीनच्या कांडीने बुजवा, वाळू द्या, ५० नंबरच्या ड्रिलने नवं भोक पाडून २-५६ मापाच्या स्क्रूचे आटे पाडा आणि स्क्रूने ट्रक लावा. लावताना एक ट्रक इतकाच आवळा की तो फिरेल पण डुलणार नाही. दुसरा फिरेल आणि किंचित डुलेलही असा ठेवा. डब्याला तीन पायांच्या स्टुलासारखा आधार मिळतो आणि उंचसखल रुळावरही कपलर फारसे वर-खाली होत नाहीत.

ट्रिप पिन अगदी शेवटी

पिन रुळाच्या माथ्यापासून १/३२ इंच वर हवी, म्हणजे ०.८ मिलिमीटर. गेजच्या खालच्या पट्टीवरून ती न घासता जावी. ही तपासणी शेवटीच करायची, कारण कपलर वर-खाली केला की पिनही त्याच्याबरोबर हलते. आधी पिन वाकवून ठेवलीत तर उंची लावल्यावर पुन्हा वाकवावी लागेल, आणि तीच तार चार वेळा वाकवणं बरं नाही.

खाली आलेली पिन सांध्यात किंवा फाटकाच्या फळ्यांत अडकते, कपलरला धक्का देते आणि डबे सुटतात. बघणाऱ्याला वाटतं उंचीचीच चूक आहे. पिन वाकवायची खास पकड मिळते, ती घ्या. डबा हातात धरून पिन अंगठ्याने वर रेटू नका, जोर पेटीवर जातो आणि प्लास्टिकची पेटी तडकते. ज्यांच्या मांडणीत चुंबक नाहीतच आणि जे काडीने डबे सोडतात, त्यांच्यापैकी बरेच जण पिन कापून टाकतात. मी कापत नाही, कारण माझे डबे दुसऱ्यांच्या मांडणीवरही जातात. पण घरच्याच गाड्या असतील तर कापायला हरकत नाही.

तरीही सुटतोय?

मग कपलरचं तोंड बघा. उघडणाऱ्या बोटाची ती बारीकशी स्प्रिंग उडालेली असते आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. बोट काडीने उघडून सोडा, ते झटकन मिटलं पाहिजे. डबा रंगवताना किंवा जुना दिसावा म्हणून हात मारताना कपलरच्या आत रंग गेला असेल तरी ते अर्धवट मिटतं. रंग खरवडून काढा आणि कोरडी ग्रॅफाइटची पूड टाका. तेल नको, तेलावर धूळ बसते आणि चार महिन्यांत कपलर पुन्हा जाम होतो.

वजनही बघा. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस एचओ डब्यासाठी १ औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, अशी आहे. सहा इंची डब्याला ४ औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम. हलका डबा प्रत्येक सांध्यावर उडतो, आणि अगदी बरोबर उंचीचा कपलरही उडत्या डब्याला धरून ठेवू शकत नाही. ट्रकवरच कपलर बसवलेल्या जुन्या डब्यांची गोष्ट वेगळी. मागे ढकलताना सगळा जोर ट्रकवर येतो आणि तो तिरका होतो. असे डबे मी दुरुस्त करत बसत नाही, कपलर डब्याच्या तळाला नेते.

सगळं झाल्यावर गाडी उलटी ढकलून बघा. दहा-बारा डबे, लागोपाठ उलटसुलट वळणं आणि सांधे, सगळं मागे ढकलत. पुढे ओढताना जे झाकून जातं ते इथे उघडं पडतं. त्या चाचणीत टिकलेल्या डब्याच्या तळाला मी पेन्सिलीने तारीख आणि काय केलं ते लिहून ठेवते: "३३ इंची चाकं, दोन्हीकडे एक करडा". पुढच्या वेळी चाकं किंवा ट्रक बदलले की ती नोंद खोडायची आणि डबा पुन्हा त्या हातभर रुळावर, गेजसमोर.